वरून कठीण, आतून चिवट

लोहार विळ्याला पाणी देतो तेव्हा त्याच्यापुढे एक जुना पेच असतो. धार टिकायची तर पोलाद कडक हवे. पण फार कडक पोलाद ठिसूळ होते. विमानातील गिअर आणि बेअरिंग यांचाही पेच हाच.

हीट ट्रीटमेंटच्या भट्टीवर माझी उमेदीची वर्षे गेली. तिथे 'केस हार्डनिंग' म्हणतात ते या पेचावरचे उत्तर. कमी कार्बनच्या निकेल-क्रोमियम पोलादाचा गिअर सुमारे ९२५ अंश सेल्सिअसला कार्बनयुक्त वायूत तापवायचा. वरच्या मिलिमीटरभर थरात कार्बन मुरतो. मग तेलात बुडवला की कातडी कडक होते, गाभा चिवट राहतो. कडक होताना कातडी फुगू पाहते, गाभा तिला आवळून धरतो. असा दाबाखालचा पृष्ठभाग सहजी तडकत नाही.

जेट इंजिनांच्या बेअरिंगसाठी आरपार कडक होणारे 'एम-५०' पोलाद रूढ होते. वेग वाढले तशी फिरत्या कडीतली ताण वाढली आणि तडा आरपार जाण्याचा धोका उभा राहिला. १९८० च्या दशकात त्यातला कार्बन ०.८ वरून सुमारे ०.१३ टक्क्यांवर आणून, साडेतीन टक्के निकेल घालून 'एम-५० निल' हे केस हार्डनिंगचे पोलाद पुढे आले. गाभ्याला चिवटपणा मिळाला.

तरी कातडी म्हणजे हमी नव्हे. १ एप्रिल २००९ रोजी स्कॉटलंडजवळ सुपर प्यूमा हेलिकॉप्टर कोसळून १६ जण गेले. २९ एप्रिल २०१६ रोजी नॉर्वेत तुरॉय बेटापाशी त्याच कुळातल्या हेलिकॉप्टरचा मुख्य पंखा निखळला. १३ जण गेले. दोन्हींत गिअरबॉक्समधला ग्रह-गिअर फुटला होता. या गिअरची आतली बाजूच बेअरिंगची धाव असते. नॉर्वेच्या तपासात दिसले, की धावेवरच्या सूक्ष्म खळग्यातून निघालेला तडा पृष्ठभागाखालून पसरला आणि मग दात्यांकडे वळला. धातूचे कण इतके थोडे सुटले, की कण पकडणाऱ्या चुंबकी यंत्रणेने इशाराच दिला नाही.

भट्टीतून निघालेल्या नमुन्याची कठीणता मोजून मी शेकडो वेळा सही केली आहे. आकडा बरोबर असे. तो अहवाल वाचल्यापासून मात्र वाटते, आकडा कातडीचा होता. जबाबदारी तिच्याखाली काय चालले आहे, याचीही होती.