सेल्युलोजचे वेष्टन : अडचण पाण्याची

प्लास्टिकला पर्याय म्हणून वनस्पतिजन्य सेल्युलोजकडे आज पाहिले जात असले, तरी त्यापासून पारदर्शक वेष्टन करण्याची विद्या जुनी आहे. स्विस रसायनतज्ज्ञ जाक ब्रांडेनबर्गर यांनी १९०८मध्ये सेलोफेन शोधले. लाकडाचा लगदा कॉस्टिक सोडा व कार्बन डायसल्फाइड वापरून विरघळवायचा आणि आम्लात त्याचा पातळ पापुद्रा ओढायचा, अशी ही प्रक्रिया. हा पापुद्रा मातीतील सूक्ष्मजीव पचवतात. मात्र, त्यातून बाष्प आरपार जाते आणि आतला खाऊ सादळतो. ड्यूपाँट कंपनीने १९२७मध्ये नायट्रोसेल्युलोजचा लेप देऊन ओल रोखली. पण लेपामुळे विघटन मंदावते. खरे कोडे हेच. पाण्याला दाद न देणारे वेष्टन सूक्ष्मजीवांनाही सहसा दाद देत नाही.

शिवाय सेल्युलोज तापवल्यास वितळत नाही, करपते. त्यामुळे प्लास्टिकप्रमाणे साच्यात ओतता येत नाही. रासायनिक बदल करून बनवलेले सेल्युलोज अ‍ॅसिटेट साच्यात बसते; परंतु त्याचीच सिगारेटची फिल्टरे वर्षानुवर्षे कुजत नाहीत. तेव्हा केवळ 'वनस्पतिजन्य' या शिक्क्यावर विसंबता येत नाही. कार्बन डायसल्फाइड कामगारांच्या मज्जासंस्थेला घातक असल्याने, पुन्हा वापरता येणाऱ्या द्रावकांचा शोधही आता या संशोधनाचाच भाग आहे.