भिंतीवरची पांढरी पूड

मूलहून गडचिरोलीकडे जाणारा रस्ता वैनगंगेस पोहोचण्यापूर्वी ज्या गावावरून जातो, ते सावली. चंद्रपूर जिल्ह्याचा हा पूर्वभाग धानाचा व तळ्यांचा मुलूख होय. मालगुजारांच्या काळची तळी, शेतोशेतीच्या बोड्या आणि पलीकडे अरण्य, असे येथील दृश्य रमणीय खरे. परंतु ज्या पाण्यावर धान पोसतो, त्याच पाण्यात ॲनॉफिलीस जातीचा डासही वाढतो. १९३६ साली गांधी सेवा संघाचे अधिवेशन सावलीस भरले आणि त्यासाठी महात्मा गांधी येथे आले होते. त्या काळी या टापूत हिवतापाशी झगडण्यास क्विनाईनखेरीज फारसे साधन नव्हते. पोट पुढे आलेली, पांथरी वाढलेली मुले जंगलपट्टीत नवलाची नव्हती. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात दरसाल साडेसात कोटी लोकांस हा ताप येई व त्यांपैकी सुमारे आठ लाख दगावत, असा अंदाज आहे.

अशा स्थितीत डी.डी.टी.चा अवतार झाला. पॉल म्यूलर या स्विस रसायनशास्त्रज्ञाने १९३९ साली तिचा कीटकनाशक गुण शोधून काढला व १९४८ साली त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण योजना निघाली. १९५८ साली तिचे रूपांतर निर्मूलनाच्या मोहिमेत झाले. बादली व हातपंप घेऊन माणसे खेडोपाडी हिंडू लागली. घराच्या आतील भिंतींवर दर चौरस मीटरास एक ग्रॅम या बेताने औषध मारले जाई. वाळल्यावर मागे पांढरट पूड राही. गृहिणींस ती रुचत नसे. सणावारी शेणामातीने भिंती सारवल्या की औषध झाकले जाई, आणि सारवू नका म्हणून कर्मचाऱ्यांस विनवावे लागे. भिंतीवर बसलेला डास महिनोन्‌महिने मरत राहावा, हेच त्या औषधाचे मर्म होते. १९६५ च्या सुमारास देशातील रुग्णसंख्या अवघ्या एका लाखावर आली. असा विजय वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच आढळेल.

परंतु दीर्घकाळ टिकण्याचा जो गुण भिंतीवर उपकारक, तोच शरीरात घातक ठरला. डी.डी.टी. पाण्यात विरघळत नाही, चरबीत विरघळते. म्हणून ती शरीरातून सहजी निघून न जाता चरबीत साठते आणि आईच्या दुधावाटे तान्ह्या मुलाच्या पोटात उतरते. दिल्लीच्या रहिवाशांच्या चरबीत तिचे प्रमाण बरेच असल्याचे १९६५ सालीच जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत प्रसिद्ध झाले होते.

साठून ती करते काय, याचा पहिला सुगावा कोंबड्यांनी दिला. शरीरातील ग्रंथी रक्तात जे अल्पस्वल्प स्राव सोडतात, त्यांस संप्रेरके म्हणतात. नराचे नरपण, मादीचे मादीपण व गर्भाची घडण त्यांच्याच हुकमतीखाली चालते. अमेरिकेत बर्लिंग्टन व लिंडमन या दोघांनी कोवळ्या कोंबड्यांस डी.डी.टी. टोचली. त्यांचे तुरे फिके व खुरटे राहिले, आणि वृषणे नेहमीच्या पाचव्या हिश्श्याहूनही लहान भरली. हे द्रव्य स्त्री-संप्रेरकाची नक्कल करीत असावे, असे त्यांनी लिहिले. ही हकीकत १९५० ची, म्हणजे भारतातील योजनेच्या तीन वर्षे आधीची! तथापि तेवढ्यावरून त्या काळच्या अधिकाऱ्यांस दोषी धरणे न्याय्य होणार नाही. एका पारड्यात खुरटलेले कोंबडे व दुसऱ्यात वर्षाकाठी आठ लाख प्रेते असता निराळा निर्णय कोणी दिला असता?

पुढील पुरावा मात्र माणसांचा आहे. शरीरात डी.डी.टी.पासून डी.डी.ई. नावाचा पदार्थ बनतो. तो पुरुष-संप्रेरकाची वाट अडवितो, हे १९९५ साली प्रयोगाने दिसून आले. दक्षिण आफ्रिकेच्या लिंपोपो प्रांतात, १९९५ ते २००३ या काळात सावलीप्रमाणेच घरांच्या भिंतींवर फवारणी झालेल्या खेड्यांतील नवजात मुलग्यांची पाहणी झाली. न फवारलेल्या खेड्यांच्या मानाने त्यांच्यात मूत्रमार्ग व जननेंद्रिये यांच्या जन्मजात व्यंगांचा संभव सुमारे एकतृतीयांशाने अधिक आढळला. कॅलिफोर्नियात १९५९ ते १९६७ या काळात गरोदर स्त्रियांचे रक्त जपून ठेविले होते. ज्यांच्या रक्तात डी.डी.टी. अधिक, त्यांच्या मुलींस स्तनाचा कर्करोग होण्याचा धोका जवळजवळ चौपट निघाला. हा निष्कर्ष २०१५ सालचा; फवारा आईच्या वेळचा आणि दुखणे लेकीचे, असा हा हिशेब आहे.

इकडे डास औषधास सरावले आणि १९७६ साली देशातील रुग्ण पुन्हा चौसष्ट लाखांवर गेले. १९८९ साली शेतीतील डी.डी.टी.चा वापर बंद झाला. हिवतापाच्या कामासाठी मात्र वर्षास दहा हजार टनांपर्यंत मुभा राहिली. २००६ साली भारताने स्टॉकहोम करारास मान्यता दिली, तीही हीच सवलत राखून. अशा रीतीने बांधाबाहेरच्या धानास जे वर्ज्य ठरले, ते चुलीमागच्या भिंतीस चालू राहिले.