टॉलीगंज मेट्रो स्टेशन

टॉलीगंज : कोलकात्याच्या दक्षिण भागातील मेट्रो स्टेशन. भारतातली पहिली मेट्रो २४ ऑक्टोबर १९८४ रोजी एस्प्लनेड ते भवानीपूर धावली, तेव्हा मार्ग जेमतेम साडेतीन किलोमीटरचा आणि स्टेशने पाच. टॉलीगंज १९८६मध्ये जोडले गेले. बंगाली चित्रपटांचे स्टुडिओ याच भागात, म्हणून पुढे स्टेशनला ‘महानायक उत्तमकुमार’ हे नाव मिळाले.

दक्षिणेकडे मार्ग वाढला, तशी कवी आणि क्रांतिकारकांची नावे आली. गौरव झाला खरा, पण परक्या प्रवाशाची पंचाईतच! ‘कवी सुभाष’ म्हणजे नेताजी नव्हेत, सुभाष मुखोपाध्याय. नेताजींची स्टेशने वेगळी, तीही दोन : कुदघाटचे ‘नेताजी’ आणि जुन्या भवानीपूरचे ‘नेताजी भवन’.

आजच्या नकाशात टॉलीगंज शोधताना वाचकांनी उत्तमकुमार यांचे नाव पाहावे.