उंदराचा श्वास आणि एमआरआयचा इतिहास

बीड जिल्ह्यात मांजरसुंब्याजवळ कपिलधारचा धबधबा आहे. पावसाळ्यात कॅमेऱ्याचे शटर अर्धा सेकंद उघडे ठेवून त्याचे छायाचित्र घेतले, तर कातळ रेखीव उमटतो आणि पाणी पांढऱ्या धुरासारखे पसरते. एमआरआयच्या इतिहासात हीच अडचण एका उंदराच्या छातीत उभी राहिली. त्याचा हा थ्रेड.

सुरुवात मुंबईपासून करू. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्यासमवेत उंदरांच्या चार वाणांतील स्तनग्रंथींची तुलना केली. स्तनाच्या कर्करोगाला हे वाण कमी-अधिक प्रमाणात बळी पडत. हे काम १९४७ साली प्रसिद्ध झाले. त्या काळी ऊतीची रचना पाहायची, तर प्राणी मारून काप काढावे लागत. आज पाहिलेला उंदीर महिन्याभराने पुन्हा पाहणे शक्यच नव्हते. रोगाची वाढ निरनिराळ्या उंदरांवरून जुळवावी लागे. एकाच जिवंत प्राण्याच्या आत पुन्हा पुन्हा डोकावता येण्याचे मोल यावरून कळते.

मार्च १९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी ‘नेचर’मध्ये पाण्याच्या दोन बारीक नळ्यांची प्रतिमा प्रसिद्ध केली. नळ्या श्वास घेत नाहीत. १९७४ साली त्यांनी जिवंत उंदराच्या छातीचा छेद दाखवला. त्याच वर्षी स्कॉटलंडमधील अ‍ॅबरडीन येथे जॉन मॅलर्ड यांच्या गटाने टिपलेला उंदीर मात्र नुकताच मारलेला होता. मोडलेल्या मानेपाशी साचलेला द्रव त्या प्रतिमेत दिसला. या दोन उंदरांची बहुधा एका दमात नोंद होते, आणि त्यांतला एकच श्वास घेत होता, हा भेद वाचकाच्या हाती लागत नाही.

अ‍ॅबरडीनच्याच गटाने १९८० साली ‘स्पिन-वार्प’ पद्धत मांडली. तिच्यात प्रतिमेची माहिती ओळीओळीने गोळा होते. दोन ओळींच्या मध्ये छाती हलली, तर तिच्या फिकट प्रतिकृती चित्रभर एकामागे एक उमटतात. जाणकार त्यांना सरळ ‘घोस्ट’ म्हणतात. माणसाला ‘श्वास रोखून धरा’ असे सांगता येते. मिनिटाला शंभराहून अधिक श्वास घेणाऱ्या आणि हृदयाचे सुमारे पाचशे ठोके पडणाऱ्या उंदराला ते कोण सांगणार?

मग युक्त्या निघाल्या. भूल दिलेल्या उंदराच्या पोटाशी हवेची चिमुकली उशी ठेवतात. तिच्यातील दाबावरून श्वास कळतो आणि उच्छ्वासानंतरच्या शांत क्षणीच नोंद घेतली जाते. यात एक मेख आहे. यंत्र थांबून वाट पाहू लागले, की त्या अवधीत ऊतीतील चुंबकन पूर्ववत होऊ लागते आणि पुढच्या ओळीचा संकेत निराळ्या तीव्रतेचा येतो. म्हणून नोंद थांबली, तरी रेडिओलहरींचे स्पंद चालू ठेवावे लागतात. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात हेडलंड, जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली रॅटच्या छाती-पोटाच्या सूक्ष्म प्रतिमा प्रसिद्ध केल्या. त्या परंपरेत दुसरी वाट रुळली: प्राण्याला कृत्रिम श्वसनयंत्रावर ठेवायचे आणि यंत्राच्या तालावर श्वास द्यायचा.

गंमत अशी की, लॉटरबर यांची मूळ पद्धत वेगवेगळ्या कोनांतून छाया घेण्याची होती. स्पिन-वार्पपुढे ती मागे पडली. १९९२ साली ग्लोव्हर आणि पॉली यांनी हालचालीचा उपद्रव कमी करण्यासाठी तिचाच पुन्हा आधार घेतला. या पद्धतीत प्रत्येक रेघ माहितीच्या केंद्रातून जाते. त्यामुळे दोष भुतांच्या रांगेऐवजी विरळ पुसटपणाच्या रूपाने पसरतो, आणि केंद्रातील चढउतारांवरून श्वासाची लयही ओळखता येते. मग उशीचीही गरज उरत नाही.

भुलेचा प्रश्न मात्र उरतोच. आयसोफ्लुरेन कमी पडले, तर उंदीर भराभर, अनियमित श्वास घेतो. जास्त झाले, तर धापेसारखे लांब, विस्कळीत हेलकावे सुरू होतात. म्हणून तपासणीभर कोणी ना कोणी पडद्यावरील श्वासाच्या रेषेवर नजर ठेवून, एक हात भुलेच्या खुंटीवर ठेवून बसलेले असते.