हौसेचे आकाश

तमिळनाडूतील जवादी टेकड्यांत, बंगळूरपासून सुमारे १७५ किलोमीटरांवर, कावलूर नावाचे एक लहान गाव आहे. तेथील वेधशाळेचे नाव निघाले की २.३४ मीटर व्यासाची वेणू बाप्पू दुर्बीण डोळ्यांपुढे येते, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु हौशी आकाशनिरीक्षणाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने त्या मोठ्या घुमटाकडे वळण्याआधी याच वेधशाळेत येऊन पोहोचलेल्या एका ६ इंची अपवर्तक दुर्बिणीची चौकशी करावी. ही दुर्बीण मूळची चार्ल्स एल्मर या अमेरिकन हौशी निरीक्षकाची. रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांच्या अमेरिकन संघटनेने १९२६ साली ती समुद्रापार पाठविली ती कोणा वेधशाळेला नव्हे, तर बंगालमधील जेस्सोरच्या सरकारी खजिन्यात नोकरी करणाऱ्या राधागोविंद चंद्र या गृहस्थांना.

राधागोविंदबाबूंचा (१८७८–१९७५) शालेय परीक्षांतील प्रवास अपयशाचाच होता. आकाश त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी आणि पुढे एका ३ इंची दुर्बिणीने शिकून घेतले. १९१० चा हॅलेचा धूमकेतू त्यांनी पाहिला, जून १९१८ मध्ये गरुड तारकासमूहात उजळलेला नवतारा पाहिला, आणि १९१९ पासून १९५४ पर्यंत, म्हणजे पस्तीस वर्षे, ते रूपविकारी ताऱ्यांच्या नोंदी अमेरिकेला पाठवीत राहिले. या नोंदींची संख्या ३७ हजारांवर जाते. ज्याची दीप्ती बदलते असा एक तारा घ्यायचा; ज्यांची दीप्ती ठाऊक आहे असे त्याच्या शेजारचे दोन तारे घ्यायचे, एक त्याहून तेजस्वी आणि एक मंद; आणि आपला तारा त्या दोहोंच्या मध्ये कोठे बसतो हे एका प्रतीच्या दशांशापर्यंत नजरेने ठरवून, वेळ घालून लिहून ठेवायचे. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. या लेखनात विशेषणाला जागा नाही, लेखकालाही नाही. साहित्याच्या अभ्यासकाला रोजनिशी हा प्रकार परिचित असतो. येथे जी आहे ती रोजनिशीतून ‘मी’ काढून टाकल्यावर उरणारी वही. आणि तरीही एका माणसाच्या चिकाटीचा इतका सलग पुरावा आत्मचरित्रांतूनही क्वचितच सापडतो.

फाळणीने जेस्सोर पूर्व पाकिस्तानात गेले आणि राधागोविंदबाबू पश्चिम बंगालात आले. ती दुर्बीण त्यांच्याकडून वेणू बाप्पूंकडे गेली व अखेर कावलूरला पोहोचली. हा वारसा योग्य हाती गेला असे म्हटले पाहिजे, कारण बाप्पू (१९२७–१९८२) हेही हौसेच्याच वाटेने आले होते. वडील हैदराबादच्या निजामिया वेधशाळेत नोकरीस असल्यामुळे हा विद्यार्थीदशेतच रूपविकारी तारे मोजू लागलेला मुलगा. १९४९ मध्ये हार्वर्डला असताना त्यांच्या नावाचा अंतर्भाव असलेला ‘बाप्पू-बोक-न्यूकर्क’ धूमकेतू त्यांना गवसला. पुढे १९७१ मध्ये भारतीय खगोलभौतिकी संस्था स्वायत्त झाली ती त्यांच्याच नेतृत्वाखाली, आणि तिचे मुख्यालय बंगळूरच्या कोरमंगल भागात आले.

मराठीत ‘हौशी’ या शब्दाला एक किंचित उणेपणा चिकटलेला आहे. व्यवसाय न करणारा, म्हणून पुरता न जाणणारा, असा त्याचा ध्वनी. हौशी रंगभूमीने आपल्यापुरता तो पुसून काढला. आकाशाच्या हौसेचा इतिहास मात्र अजून नीटपणे लिहिला गेलेला नाही. वास्तविक हा शब्द कित्येकदा परिस्थितीने लादलेला असतो. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा महाराष्ट्रावरून गेला. सोलापूरच्या बाजूला जेऊर येथे पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी नेगमवाला यांनी आपली उपकरणे मांडली; कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेची तुकडीही तेथेच होती. त्याच दिवशी वऱ्हाडातील तळणी येथे ॲनी माँडर या बाई स्वतःच्या बेताने सिद्ध केलेला, जेमतेम दीड इंच भिंगाचा कॅमेरा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ग्रिनिच वेधशाळेत गणनाचे काम केलेले होते. १८९५ मध्ये विवाह झाला आणि त्या काळच्या नियमाप्रमाणे नोकरी सुटली. तळणीला त्या आल्या त्या हौशी मंडळींच्या ब्रिटिश संघटनेबरोबर. सूर्याच्या किरीटातून निघालेला, सूर्याच्या त्रिज्येच्या दहापटींहून लांब असा एक झोत त्यांच्या काचपट्टीवर उमटला. तोवर इतका लांब झोत कोणीच टिपलेला नव्हता. मोठ्या दुर्बिणींचे दृष्टिक्षेत्र लहान असते. दीड इंचाच्या भिंगाला जे दिसले ते त्यांच्या चौकटीतच मावले नसते. हौशी छायाचित्रणाचे भारतातील पहिले मोठे यश महाराष्ट्राच्या मातीवर नोंदले गेले, हे मराठी वाचकास सहसा ठाऊक नसते.

याउलट बागलकोटचे शिक्षक व्यंकटेश बापूजी केतकर यांची गोष्ट मात्र अभिमानाने, आणि काहीशा सैलपणे, सांगितली जाते. नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत असे भाकीत केतकरांनी १९११ मध्ये फ्रान्सच्या खगोलीय संस्थेच्या पत्रिकेत मांडले. पैकी एकाचे अंतर त्यांनी पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे ३९ पट आणि प्रदक्षिणाकाल सुमारे २४२ वर्षे काढला. १९३० साली प्लूटो सापडला तो जवळपास याच अंतरावर, आणि त्याच वर्षी केतकरांचे निधन झाले. पण प्लूटोचे वस्तुमान इतके अल्प निघाले की त्याच्या ओढीवरून कोणाचेही गणित साधणे शक्य नव्हते. जुळले ते योगायोगाने. केतकरांची थोरवी ‘ज्योतिर्गणितम्’ या ग्रंथात आहे; या भाकिताची जोड तिला लागत नाही. आणि प्लूटो ज्याने शोधला तो क्लाइड टॉमबॉ कॅन्ससच्या शेतावर हाताने आरसे घासून दुर्बिणी करणारा तरुण होता, हेही विसरता कामा नये.

आरसा घासणे हाच या हौसेचा खरा उपनयनविधी. पुण्यात २२ ऑगस्ट १९४४ रोजी ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. देशातील हौशी आकाशनिरीक्षकांची ही सर्वांत जुनी संस्था. बंगळूरच्या हौशी मंडळींची संघटना १९७६ मधली. जवाहरलाल नेहरू तारांगण १९८९ मध्ये सुरू झाले. त्याच सुमारास या शहरात एक विलक्षण योग जुळून आला होता. कावलूरच्या मोठ्या दुर्बिणीचा २.३४ मीटर व्यासाचा आरसा परदेशातून तयार होऊन आला नाही, ए. पी. जयराजन यांच्या देखरेखीखाली तो खगोलभौतिकी संस्थेच्या बंगळूरमधील कार्यशाळेत घासला व पॉलिश केला गेला. आकाराने सुमारे पंधरा पट लहान असा ६ इंची आरसा घरच्या टेबलावर घासणारा विद्यार्थी आणि ही कार्यशाळा यांची क्रिया तत्त्वतः एकच होती. काचेच्या दोन तबकड्या, मध्ये कार्बोरंडमची भुकटी आणि पाणी. वरची पुढेमागे ढकलत राहायचे, हळूहळू फिरवायचे, आणि स्वतः टेबलाभोवती प्रदक्षिणा घालायची. वरची काच खोलगट होत जाते, खालची फुगीर. मग डांबराच्या थरावर पॉलिश. ४८ इंच नाभीय अंतराच्या ६ इंची आरशाची खोली मध्यभागी सव्वा मिलिमीटरही भरत नाही. आणि गोलाकार पृष्ठाचे अन्वस्त करायचे म्हणजे कडेपाशी मायक्रॉनच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी फरक पाडायचा. हा फरक वस्तऱ्याचे पाते आणि एक दिवा यांच्या साह्याने घरी पाहता येतो. फूको या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५८ साली दिलेली ही कसोटी आजही पुरते. आठवड्यांच्या श्रमानंतर कडेची काच ‘पडली’ असे दिसते आणि पुन्हा मागल्या पायरीवर यावे लागते. ज्यांनी हे केले त्यांना चंद्राचा पहिला खळगा स्वतःच्या आरशात दिसतो तेव्हा काय वाटते, हे विकत घेतलेल्या दुर्बिणीचा धनी पूर्णपणे सांगू शकेल असे वाटत नाही.

बंगळूरचे आकाश उदारही आहे आणि कृपणही. अक्षांश १३, उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर. पुण्याहून काहीसा खाली दिसणारा अगस्त्य येथे २४ अंश चढतो. त्रिशंकू आणि मित्र तारा दक्षिणेला सतराएक अंशांवर येतात. एप्रिल १९८६ मध्ये हॅलेचा धूमकेतू पृथ्वीच्या जवळ आला तो दक्षिण आकाशात. युरोपातील निरीक्षक क्षितिजाकडे पाहत हळहळले, आणि येथे तो ३० अंशांवर होता. ग्रहांच्या बाबतीत तर या शहराचे भाग्य थोरच. कोणताही मोठा ग्रह मध्यमंडलावर आला की येथे तो ५० अंशांच्या खाली राहत नाही; लंडनहून तोच कधी कधी १५ अंशांवर, दाट हवेच्या थरातून थरथरताना दिसतो.

पण पाऊस दोन्ही मोसमी वाऱ्यांचा. नैऋत्येचे ढग जूनला येतात, आणि ते सरतात न सरतात तोच ईशान्येचे. सप्टेंबर-ऑक्टोबर हे तर पावसाचे ऐन महिने. खऱ्या अर्थाने मोकळे आकाश डिसेंबर ते एप्रिल. जुलै १९९४ मध्ये शूमेकर-लेव्ही धूमकेतूचे तुकडे गुरूवर आदळले. आयुष्यात पुन्हा न येणारा तो आठवडा भारतातल्या बहुतेक हौशी निरीक्षकांच्या वाट्याला भर पावसाळ्यात आला. निसर्गाची ही हुलकावणी निमूट सोसता येते. शहराच्या दिव्यांची सोसवत नाही. एके काळी वीज गेली की घरोघर कुरकुर होई आणि एखाद्या गच्चीवर मात्र आनंदाचा चीत्कार उठे. पुण्यात टिळक स्मारक मंदिरावरील परिसंस्थेच्या वेधशाळेचीही हीच कथा आहे: शहर वाढले आणि आकाश आटले.

छायाचित्राची हौस या अडचणींना आणखी धार लावते. डोळ्याला क्षणभराचे दर्शन पुरते, पट्टीला मिनिटे लागतात. आणि आकाश सेकंदाला १५ विकला सरकत असते. दुर्बिणीची बैठक पृथ्वीच्या अक्षाशी समांतर हवी, तर ध्रुवतारा हवा. बंगळूरला तो उत्तरेला अवघ्या १३ अंशांवर, म्हणजे बहुधा शेजाऱ्याच्या पाण्याच्या टाकीमागे. मग एखाद्या ताऱ्याचे सरकणे पाहत, स्क्रू फिरवीत, तासभर घालवून बैठक साधायची, आणि तेवढ्यात भिंगावर दव बसते. फिल्मच्या काळात तर दीर्घ एक्स्पोजरमध्ये तिची संवेदनाच मंदावत जाई. सगळी रात्र खर्ची घालून धुतल्यावर हाती रेघा येत. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या सीसीडीने, आणि त्यातून निघालेल्या स्वस्त कॅमेऱ्यांनी हे चित्र पालटले. गुरूची हजारो चित्रे काही मिनिटांत घ्यायची, हवा स्थिर होती त्या क्षणांची तेवढी निवडून एकावर एक रचायची. तेजोमेघासाठी हायड्रोजनच्या ६५६ नॅनोमीटरच्या लाल रेषेखेरीज बाकी प्रकाश गाळून टाकायचा. शहराच्या मध्यभागातून मृगातला तेजोमेघ पूर्वी मोठ्या वेधशाळांनाही जमला नव्हता इतक्या तपशिलाने आता गच्चीवरून उतरतो. सोडियमच्या पिवळ्या दिव्यांचा प्रकाश ठरावीक रेषांत असे, तो गाळणे सोपे होते. पांढरे एलईडी दिवे सगळ्या वर्णपटावर पसरतात, एवढीच नवी तक्रार.

येथे एक प्रश्न टीकाकाराला टाळता येत नाही. रंग भरलेली, कडा उठवलेली ही प्रतिमा पाहिलेली वस्तू आहे की रचलेली? डोळ्याला तो तेजोमेघ करडा, फार तर हिरवटच दिसतो. सौंदर्यासाठी केलेल्या रचनेत गैर काही नाही. चित्रकलेने तेच केले आहे. खंत एवढीच की चित्रामागे तारीख, वेळ, भिंग, गाळणी यांची नोंद नसेल तर ते चित्र पुढच्या निरीक्षकाच्या उपयोगी पडत नाही. तळणीची काचपट्टी सुंदर होतीच. ती टिकली ती मोजता येत होती म्हणून. विद्यापीठीय खगोलशास्त्रज्ञ आता बंगळूरजवळच्या होसकोटेहून लडाखमधील हानले येथील २ मीटरची दुर्बीण उपग्रहाच्या दुव्याने चालवितो. डोळा दुर्बिणीला लावण्याचा प्रसंग त्याच्यावर क्वचितच येतो. तो प्रसंग उरला असेल तर हौशी माणसाच्याच वाट्याला.

२०१९ च्या अखेरीस मृगातील काक्षी हा तांबडा तारा अकस्मात मंदावू लागला. फेब्रुवारी २०२० मध्ये तो नेहमीच्या अर्ध्याहूनही कमी तेजाचा झाला. याआधी तो कधी, किती मंदावला होता हे पाहण्यासाठी शास्त्रज्ञांनी ज्या नोंदींचा आधार घेतला, त्यांत राधागोविंदबाबूंच्या त्याच अमेरिकन संघटनेकडे जगभरच्या हौशी निरीक्षकांनी पाठविलेल्या नोंदींचाही संग्रह होता. काक्षी पाहायला दुर्बीण लागत नाही. बंगळूरच्या कितीही उजळलेल्या रस्त्यावरून, रोहिणी आणि प्रश्वा यांच्याशी ताडून, त्याची प्रत दशांशापर्यंत ठरविता येते.