आय वॉज वेंट

आठवीत रजेच्या अर्जात माझ्या बाकावरच्या मित्राने लिहिले, 'आय वॉज वेंट टु धुळे.' अख्खा वर्ग हसला. सर्वांत मोठ्याने मी. पुढे जळगावला इंग्रजी शिकवू लागलो तेव्हा हीच चूक दरवर्षी भेटली आणि तिचे मूळ कळले. आपण अहिराणीत 'गयथा' म्हणतो, मराठीत 'गेला होता'. कालची साधी गोष्ट सांगतानाही 'होता' सुटत नाही. इंग्रजीत तिथे नुसते 'वेंट' पुरते. मित्राचे 'वॉज' त्या 'होता'तून आले होते.

आणि 'वेंट' तरी मुळात 'गो'चे कुठे? ते 'वेंड' या वेगळ्याच क्रियापदाचे रूप; १५व्या शतकाच्या सुमारास 'गो'ला कायमचे चिकटले. आपलेही तसेच: 'जाणे' संस्कृत 'या' धातूचे, 'गेला' मात्र 'गम्'च्या 'गत'वरून. 'गोएड' लिहिणाऱ्या मुलांना हे सांगितले की त्यांना धीर येई. 'डिड नॉट वेंट'चे गुण मात्र मी कापायचोच. भूतकाळ 'डिड'ने घेतला की पुढे 'गो'च.

दहावीनंतर तो मित्र भेटला नाही. मेळाव्याच्या यादीत त्याचे नाव आहे. त्या हसण्याबद्दल त्याची माफी मागायची आहे.