खरेदी ट्रॉली

खरेदी ट्रॉली म्हणजे सुपरमार्केट आणि तत्सम मोठ्या दुकानांत ग्राहकांना माल गोळा करण्यासाठी दिली जाणारी चाकांची ढकलगाडी होय. निवडलेल्या वस्तू बिलाच्या काउंटरपर्यंत आणि पुढे वाहनतळापर्यंत नेण्यास ती उपयोगी पडते. ट्रॉली दुकानाच्या मालकीची असते. ग्राहकाला ती थोड्या वेळापुरती, बहुधा विनामूल्य, वापरावयास मिळते आणि काम झाल्यावर ती ठरलेल्या जागी परत ठेवणे अपेक्षित असते. ही अपेक्षा सर्वत्र पाळली जात नाही. वाहनतळात, पदपथांवर, बसथांब्यांजवळ आणि जलप्रवाहांत सोडून दिलेल्या बेवारस ट्रॉल्या हा अनेक देशांत नागरी प्रश्न बनला असून त्यावर कायदेही करण्यात आले आहेत.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात 'ट्रॉली' हा शब्द प्रामुख्याने ट्रॅक्टरला जोडल्या जाणाऱ्या मालवाहू गाडीसाठी वापरला जातो. प्रस्तुत लेख दुकानांतील ढकलगाडीविषयी आहे.

इतिहास

पूर्वी किराणा दुकानात ग्राहक यादी सांगे आणि दुकानदार माल काढून, तोलून, बांधून देई. ग्राहकाने स्वतः फळीवरून वस्तू उचलण्याची पद्धत क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी १९१६ मध्ये अमेरिकेतील मेम्फिस शहरात सुरू केलेल्या 'पिग्ली विग्ली' या दुकानामुळे रूढ झाली. या दुकानांत ग्राहक हातात टोपली घेऊन फिरत. टोपली जड झाली की खरेदी थांबत असे.

ओक्लाहोमा सिटी येथील 'हम्प्टी डम्प्टी' या दुकानसाखळीचे मालक सिल्व्हन गोल्डमन यांनी ही अडचण हेरली. घडीच्या खुर्चीच्या रचनेवरून त्यांना कल्पना सुचली आणि फ्रेड यंग या कारागिराच्या साहाय्याने त्यांनी घडी होणाऱ्या सांगाड्यावर एकावर एक दोन तारेच्या टोपल्या ठेवता येतील अशी चाकांची गाडी तयार केली. ४ जून १९३७ रोजी ती प्रथम ग्राहकांसमोर आली. आरंभी ग्राहकांनी तिच्याकडे पाठ फिरवली. टोपली उचलण्याइतके आपण दुबळे नाही, असे पुरुषांना वाटे, तर अनेक स्त्रियांना तिच्यात बाबागाडीचा भास होई. तेव्हा गोल्डमन यांनी वेगवेगळ्या वयाचे स्त्री-पुरुष पैसे देऊन दुकानात ट्रॉली ढकलत फिरण्यासाठी नेमले. त्यांना पाहून इतर ग्राहकांचा संकोच गेला. या गाडीचे एकस्व (पेटंट) गोल्डमन यांना १९४० मध्ये मिळाले.

पहिल्या ट्रॉल्यांच्या टोपल्या काढून सांगाड्याची घडी घालावी लागे. कॅन्सस सिटी येथील ऑर्ला वॉटसन यांनी १९४६ मध्ये मागील बाजू वर उचलली जाणारी ट्रॉली तयार केली. त्यामुळे एक ट्रॉली दुसरीत सरकवून लांब रांग लावता येऊ लागली. गोल्डमन यांनीही तशीच ट्रॉली पुढे आणल्याने वाद निर्माण झाला. १९४९ मध्ये तो तडजोडीने मिटला. आजची बहुतेक ट्रॉली याच एकात एक सरकणाऱ्या रचनेची आहे.

रचना

सामान्य ट्रॉलीत धातूच्या तारेची किंवा प्लॅस्टिकची टोपली, ढकलण्याचा दांडा, खालचा सांगाडा आणि चार चाके असतात. दांड्याजवळ लहान मुलास बसण्यासाठी घडीची बैठक असते. अमेरिकेत सामान्यतः पुढील दोनच चाके सर्व दिशांना वळतात, तर ब्रिटन व युरोपातील अनेक ट्रॉल्यांची चारही चाके वळतात. अशी ट्रॉली अरुंद जागेत आडवी सरकवता येते, परंतु उतारावर तिला आवर घालणे अवघड जाते. बहुमजली दुकानांतील सरकत्या उतारमार्गासाठी खाचा असलेली चाके वापरतात. ती मार्गाच्या खोबणीत रुतून बसतात आणि ट्रॉली जागीच स्थिर राहते.

वापराचे संकेत

ट्रॉलीच्या वापराविषयी लेखी नियम थोडे आणि अलिखित संकेत पुष्कळ आहेत. सर्वसाधारणपणे पुढील गोष्टी अपेक्षित मानल्या जातात.

• दोन फळ्यांमधील वाटेत ट्रॉली एका कडेला उभी करावी, आडवी लावून वाट अडवू नये.
• रिकामी ट्रॉली रांगेत उभी करून जागा धरू नये आणि ती तशीच ठेवून खरेदीस जाऊ नये.
• मोजक्या वस्तूंसाठी राखलेल्या काउंटरवर भरलेली ट्रॉली नेऊ नये.
• नको असलेली वस्तू तिच्या मूळ जागी ठेवावी किंवा कर्मचाऱ्याकडे द्यावी. गोठवलेले पदार्थ अन्य फळीवर सोडल्यास ते खराब होतात आणि टाकून द्यावे लागतात.
• लहान मुलास बैठकीवरच बसवावे. टोपलीत उभे राहिलेले किंवा बाहेरून लोंबकळणारे मूल पडून किंवा ट्रॉली कलंडून जखमी होऊ शकते.
• काम झाल्यावर ट्रॉली नेमून दिलेल्या जागी, इतर ट्रॉल्यांमध्ये सरकवून ठेवावी.

यांपैकी शेवटचा संकेत सर्वांत जास्त मोडला जातो. इतर संकेत मोडणारा लोकांच्या नजरेसमोर असतो. ट्रॉली सोडून जाणारा मात्र खरेदी आटोपून निघालेला असतो आणि त्याला कोणी हटकण्याची शक्यता कमी असते.

बेवारस ट्रॉल्या

ट्रॉली सोडून दिली जाण्याचे दोन प्रकार ठळकपणे दिसतात. पहिल्यात ती दुकानाच्या वाहनतळातच वाटेल तेथे उभी केली जाते. परत ठेवण्याची जागा दूर असणे, पाऊस किंवा ऊन, सोबत लहान मूल असणे आणि 'हे कर्मचाऱ्यांचे काम आहे' ही समजूत, ही त्याची नेहमीची कारणे होत. दुसऱ्या प्रकारात ग्राहक ट्रॉली घरापर्यंत किंवा बसथांब्यापर्यंत नेतो आणि तेथेच सोडतो. असे करणाऱ्यांत स्वतःचे वाहन नसलेले, वयस्क किंवा जड ओझे उचलू न शकणारे लोकही असतात. म्हणून या दुसऱ्या प्रकाराकडे केवळ बेफिकिरी म्हणून न पाहता वाहतुकीच्या सोयींचा अभाव म्हणूनही पाहावे, असे मत मांडले जाते.

सोडलेल्या ट्रॉलीचा भार इतरांवर पडतो. उतारावर किंवा वाऱ्याने घरंगळलेली ट्रॉली उभ्या मोटारींना धडकते. अपंगांसाठी राखलेल्या वाहनजागेच्या शेजारच्या पट्ट्यात ट्रॉली उभी असेल, तर चाकांच्या खुर्चीतील व्यक्तीला मोटारीतून उतरणेच अशक्य होते. पदपथावरील ट्रॉली दृष्टिहीन व्यक्तीला अडथळा ठरते. ब्रिटनमध्ये कालव्यांच्या सफाईत ट्रॉल्या वारंवार सापडतात. पाण्यात पडलेल्या ट्रॉलीत फांद्या आणि कचरा अडकतो, प्रवाह तुंबतो आणि बोटींना धोका निर्माण होतो.

ट्रॉल्या गोळा करण्याचे काम कष्टाचे आहे. कर्मचाऱ्यांना ऊन, पाऊस आणि थंडीत वाहनांच्या वर्दळीतून ट्रॉल्यांची लांब रांग ढकलावी लागते. हे काम अनेकदा कंत्राटदारांकडून करून घेतले जाते. ऑस्ट्रेलियातील फेअर वर्क ओम्बड्समन या शासकीय संस्थेने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चौकशी अहवालात, एका मोठ्या दुकानसाखळीसाठी ट्रॉल्या गोळा करणाऱ्या कंत्राटी कामगारांना नियमापेक्षा कमी वेतन दिले जात असल्याचे आढळले होते.

उपाययोजना

नाणे-कुलूप: जर्मनी, ब्रिटन आणि सिंगापूर यांसह अनेक देशांत ट्रॉल्या लहान साखळ्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. दांड्यावरील खाचेत नाणे घातले की साखळीची किल्ली सुटते. ट्रॉली परत आणून पुढील ट्रॉलीची किल्ली खाचेत घातली की नाणे परत मिळते. युरोपात बहुधा एक युरोचे, तर सिंगापूरमध्ये एक डॉलरचे नाणे लागते. आल्डी या जर्मन दुकानसाखळीने हीच पद्धत अमेरिकेतही वापरली असून तेथे २५ सेंटचे नाणे चालते. येथे नाणे हे भाडे नसून अनामत असते. रक्कम लहान असली तरी ती परत घेण्याच्या इच्छेने बहुतेक ग्राहक ट्रॉली जागेवर आणतात. एखाद्याने ती सोडून दिलीच, तर नाण्यासाठी दुसरा कोणीतरी ती परत नेऊन ठेवण्याची शक्यता असते.

या पद्धतीच्या मर्यादाही आहेत. रोख पैसे न बाळगणाऱ्यांची अडचण होते. त्यामुळे नाण्याच्या आकाराच्या प्लॅस्टिकच्या किंवा धातूच्या चकत्या प्रचारात आल्या. त्यांचे मूल्य नगण्य असल्याने अनामतीचा हेतू काहीसा विफल होतो. ब्रिटनमध्ये मार्च २०१७ मध्ये बारा बाजूंचे नवे एक पौंडाचे नाणे चलनात आले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जुने गोल नाणे बाद झाले, तेव्हा दुकानांना ट्रॉल्यांची कुलुपे बदलावी लागली.

चाक-कुलूप: वाहनतळाच्या सीमेवर जमिनीत तार पुरून तिच्यातून संकेत सोडला जातो. ट्रॉली ही सीमा ओलांडू लागली की विशिष्ट बनावटीचे चाक आपोआप अडकते. यामुळे ट्रॉली परिसराबाहेर जात नाही, मात्र वाहनतळातील विस्कळीतपणा त्याने थांबत नाही.

कर्मचारी: अमेरिकेतील बहुसंख्य दुकाने अनामत घेत नाहीत. वाहनतळात जागोजागी ट्रॉल्या ठेवण्याचे कठडे उभारले जातात आणि कर्मचारी तेथून त्या दुकानात आणतात.

कायदे

इंग्लंडमध्ये १९९० च्या पर्यावरण संरक्षण अधिनियमाने स्थानिक प्राधिकरणांना बेवारस खरेदी ट्रॉल्या व सामानाच्या ट्रॉल्या ताब्यात घेण्याचा अधिकार दिला. त्यासाठी झालेला खर्च मालकाकडून वसूल करता येतो. २००५ च्या स्वच्छ परिसर व पर्यावरण अधिनियमाने या तरतुदी अधिक कडक केल्या. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने २०२१ मध्ये सार्वजनिक जागांतील बेवारस मालमत्तेविषयी नवा कायदा केला. त्यात ट्रॉली मुदतीत उचलून नेण्याची जबाबदारी दुकानावर टाकण्यात आली. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मालकाच्या परवानगीविना ट्रॉली दुकानाच्या आवारातून बाहेर नेणे हा गुन्हा आहे.

या कायद्यांत एक अडचण समान आहे. ट्रॉली कोणी सोडली हे सिद्ध करणे कठीण असल्याने भुर्दंड बहुधा दुकानावर पडतो. दुकान तो खर्च मालाच्या किमतीत मिळवू शकते. अशा वेळी ट्रॉली नेमाने परत ठेवणारा ग्राहकही इतरांच्या हयगयीचे मोल चुकवतो.

सामाजिक अभ्यास व चर्चा

नेदरलँड्समधील ग्रोनिंगन विद्यापीठाच्या कीस कायझर, झीगवार्ट लिंडेनबेर्ग आणि लिंडा स्टेख या संशोधकांनी २००८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अव्यवस्थेच्या प्रसाराविषयीचे प्रयोग प्रसिद्ध केले. एका प्रयोगात, ट्रॉली परत ठेवण्याची सूचना लावलेल्या वाहनतळात मोटारींवर जाहिरातीचे कागद अडकवले गेले. वाहनतळ नीटनेटका असताना ३० टक्के लोकांनी तो कागद जमिनीवर टाकला, परंतु चार ट्रॉल्या अस्ताव्यस्त सोडलेल्या असताना हे प्रमाण ५८ टक्क्यांवर गेले. एक नियम मोडलेला दिसला की माणसे त्याच्याशी संबंध नसलेला दुसरा नियमही सहज मोडतात, असा निष्कर्ष यातून काढण्यात आला.

२०२० मध्ये समाजमाध्यमांवर 'शॉपिंग कार्ट सिद्धांत' या नावाने एक विचार लोकप्रिय झाला. ट्रॉली परत ठेवल्याबद्दल बक्षीस नाही आणि न ठेवल्याबद्दल शिक्षाही नाही. म्हणून ती परत ठेवणे ही मनुष्याच्या आत्मशिस्तीची कसोटी आहे, असे त्यात म्हटले होते. हा शास्त्रीय सिद्धांत नव्हे. तान्ह्या मुलाला मोटारीत एकटे सोडून ट्रॉली ठेवण्यास जाऊ न शकणारे पालक किंवा चालताना त्रास होणारे लोक यांचा त्यात विचार नाही, असा आक्षेप त्यावर घेतला जातो.

कलाकार ज्युलियन माँटेग्यू यांनी पूर्व उत्तर अमेरिकेतील बेवारस ट्रॉल्यांचे पक्षिनिरीक्षणाच्या मार्गदर्शिकेप्रमाणे वर्गीकरण करणारे सचित्र पुस्तक २००६ मध्ये प्रसिद्ध केले. सर्वांत विचित्र शीर्षकासाठीचे डायग्रॅम पारितोषिक त्यास मिळाले.

करोना महासाथीच्या काळात ट्रॉलीला वेगळाच उपयोग लाभला. जर्मनीतील अनेक दुकानांनी प्रत्येक ग्राहकाने ट्रॉली घेतलीच पाहिजे असा नियम केला. ट्रॉल्या मोजक्याच ठेवल्या की दुकानातील गर्दीही आपोआप मर्यादेत राहत असे.

भारतातील स्थिती

भारतात मोठ्या सुपरमार्केटांचा प्रसार एकविसाव्या शतकाच्या आरंभी झाला. 'बिग बाजार' २००१ मध्ये, तर 'डी-मार्ट'चे पहिले दुकान २००२ मध्ये मुंबईतील पवई येथे सुरू झाले. येथे अनेक ग्राहक दुचाकीने, रिक्षाने किंवा पायी येतात आणि बऱ्याच दुकानांत ट्रॉली दारापलीकडे नेऊ दिली जात नाही. त्यामुळे रस्त्यावरील बेवारस ट्रॉल्यांचा प्रश्न पाश्चात्त्य देशांइतका मोठा नाही. सुट्टीच्या दिवशी अरुंद वाटांमध्ये होणारी ट्रॉल्यांची कोंडी आणि बिलाच्या काउंटरपलीकडे साचणाऱ्या रिकाम्या ट्रॉल्या ही येथील नेहमीची तक्रार आहे.

महानगरांतील काही मोठ्या गृहनिर्माण संस्थांनी मात्र वाहनतळातून घरापर्यंत सामान नेण्यासाठी सामायिक ट्रॉल्या ठेवल्या आहेत. सामान उतरवल्यावर ट्रॉली वरच्या मजल्यावर, उद्वाहनाजवळ किंवा दारापुढे तशीच राहते आणि खाली उभ्या असलेल्या शेजाऱ्याला ती मिळत नाही. येथे मालकी अनोळखी दुकानाची नसून सर्व रहिवाशांची असते, तरीही प्रश्न तोच राहतो. ज्याचे काम झाले त्याला ट्रॉलीची गरज उरलेली नसते, आणि ज्याला ती हवी असते तो त्या वेळी समोर नसतो.

हेही पहा

• सुपरमार्केट
• नागरी शिष्टाचार
• सार्वजनिक मालमत्ता
• गृहनिर्माण संस्था